नाक दाबून प्यालेली नारंगी

दारूला स्वतःचा वास असतो, त्यात दुसऱ्या कशाचा वास घालायचा नसतो, असं माझं ठाम मत होतं. ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

आमचा धंदा तुरीचा. ठाणाकुशनूरच्या आसपासच्या खेड्यांतून तूर घ्यायची आणि गुलबर्ग्याला गिरणीवाल्यांना घालायची. या धंद्यात माणूस सगळ्यात आधी संशय घ्यायला शिकतो. जुन्या डाळीवर तेलाचा हात फिरवला की ती नव्या डाळीपेक्षा चकाकते, हे मी मिसरूड फुटायच्या आत पाहिलं होतं. त्यामुळं संत्र्याची साल, बडीशेप, वेलदोडा घालून कुणी मोहाची दारू पुढं केली की मी विचारायचो, ‘ह्यात झाकलंय काय?’ लोक चिडायचे. त्यांना चिडलेलं बघून माझं मत आणखी पक्कं व्हायचं.

मी काही रोजचा पिणारा नव्हतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कर असते, म्हणजे मटणाचा दिवस. त्या दिवशी चार मित्र जमले की सरकारी ठेक्यावरून आणलेली साधी मोहाची दारू असायची. ती पिण्याची आमची एकच रीत. उजव्या हातात पेला घ्यायचा, डाव्या हातानं नाक दाबायचं, डोळे मिटायचे आणि सगळी एका दमात घशाखाली सोडायची. वरून मूठभर फुटाणे तोंडात टाकायचे आणि मगच नाक सोडायचं. तिला वासच असा असायचा की नाक मोकळं ठेवून प्यायची कुणाची छाती नव्हती.

एकदा गुलबर्ग्याला एका गिरणीवाल्याच्या घरी साहेबलोकांसाठी आणलेली विलायती व्हिस्की माझ्याही वाट्याला आली. मी रीतीप्रमाणं नाक दाबलं आणि पेला खाली ठेवला. बाकीचे तोच पेला हातात धरून दिवेलागणीपर्यंत गप्पा मारत बसले. यांना आवडलेली दिसत नाही, असं मला वाटलं.

तर असा मी. आणि संतपूरला एक म्हातारे होते, त्यांची नारंगी अख्ख्या तालुक्यात नावाजलेली. त्यांनी सारी उमर बिदरला एका जहागीरदाराच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, कोठी सांभाळण्यात घालवली होती. निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या, देवडीला कुलूप लागलं आणि म्हातारे आपल्या शेतावर परत आले. येताना सोबत काय आणलं, तर नारंगी करायची कृती. हिवाळ्यात संत्री बाजारात आली की ठेक्यावरची साधी दारू चिनी मातीच्या बरणीत ओतायची. संत्र्याच्या सालीचा आतला पांढरा पापुद्रा खरवडून साल तेवढी तिच्यात टाकायची, वर मसाला घालायचा आणि तोंड बांधून बरणी भुशात पुरून ठेवायची. ज्याला तिच्यातला पेला मिळाला तो महिनाभर गावात सांगत फिरायचा.

मी ती चाखली नव्हती. तरीही औरादच्या बाजारात चारचौघांत म्हणालो होतो, ‘‘दारूला नटवायचं कामून? ती काय नवरी हाय?’’ हे वाक्य माझ्या आधी संतपूरला पोचलं. वाटेत त्याला मीठमसालाही लागला असणार. म्हाताऱ्यांना एक मुलगी आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर जीभ आवरली असती असं म्हणायला हवं, पण खरं सांगायचं तर आवरली नसती.

मुलगी दिसली ती येळवसीला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्या भागातली गावं ओस पडतात, कारण माणसं सगळी शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, पूजा करायची, ‘ओलगे ओलगे’ म्हणत रानभर आंबील शिंपडायची आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवू घालायचं. त्या हाकेला नाही म्हणायचं नसतं. मी संतपुरावरून चाललो होतो, हाक आली, गेलो आणि बसलो. एक उंचशी मुलगी मडक्यातली आंबील वाढत होती. ताक-ज्वारीची ती आंबट आंबील, लसूण-जिऱ्याची, मला जिवापाड आवडते. मी एक वाटी एका दमात रिकामी केली, दुसरी केली आणि तिसरी पुढं धरली.

‘‘पावनं,’’ ती म्हणाली, ‘‘आंबील हाय, इहीर न्हवं.’’

सगळे हसले. मीही हसलो आणि गावी पोचेपर्यंत हसतच होतो. ती कुणाची कोण, हे दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा हसू थांबलं.

माझे वडील लवकर गेले होते. त्यांच्या जागी आमच्या आडतीतले भागीदार होते, त्यांना मी अण्णा म्हणायचो. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू. जन्मात दारूचा थेंब शिवलेला नाही. ठेक्यासमोरून जायची वेळ आली तर अण्णा उपरण्याचं टोक नाकाला लावून चालायचे. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी संतपूरला चौकशी केली आणि तोंड पाडून आले.

‘‘अवघड हाय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘चांगली चांगली स्थळं परत गेल्यात. म्हातारा येणाऱ्या पोराला बसवतोय, नारंगी देतोय, कशी हाय म्हनून इचारतोय. पोरगा म्हनतोय, झकास. दुसऱ्या दिशी निरोप येतोय, जमत न्हाई म्हनून.’’

‘‘झकास म्हनलं तरी?’’

‘‘झकास म्हनलं तरी. आन तू तर बाजारात उभा ऱ्हाऊन शिव्या देऊन आलायस.’’

मला ती मुलगी हवी होती. दुसरी कुठली नको होती. आई चार ठिकाणच्या मुलींची नावं घ्यायची, मी ऐकून जेवायला बसायचो. वर्षभर अण्णा संतपूरला खेटे घालत राहिले, आणि पुढची येळवस आली तेव्हा म्हाताऱ्यांचा निरोप मिळाला, करीच्या दिवशी जेवायला या.

बैलगाडीत अण्णा मला शिकवत होते. ‘‘हळू पी. पिऊन झाली की ‘वा’ म्हन. लगेच म्हनू नगंस, थोडं थांबून म्हन.’’

‘‘अण्णा, तुमाला काय ठावं प्यायचं?’’

‘‘पिणारे बघत बघत म्हातारा झालोय मी.’’

‘‘मी खोटं बोलणार न्हाई.’’

‘‘खोटं बोल म्हनून कोण म्हनायलाय? अगुदर पी तर.’’ आणि मग बैलांकडं बघत हळूच म्हणाले, ‘‘जमलं पायजे रे बाबा हे.’’ त्यांना माझ्यापेक्षा जास्त घोर लागलेला होता, हे त्या आवाजावरून कळलं.

म्हाताऱ्यांनी आम्हाला वर माळवदावर बसवलं. हिवाळ्याच्या दुपारी मातीच्या त्या सपाट छतावर उन्हात बसण्यासारखं सुख नाही. मधोमध सानं होतं, म्हणजे खालच्या स्वयंपाकघरात उजेड यावा आणि धूर जावा म्हणून ठेवलेलं भोक. त्यातून मटणाचा वास वर येत होता आणि बांगड्यांचा आवाज. अण्णांना तो वास कसा सोसत होता देव जाणे, पण ते माझ्यासाठी मांडी घालून बसून राहिले.

म्हातारे उंच, सडपातळ, पटका नीट बांधलेला. देवडीतली अदब अंगात मुरलेली. त्यांनी तीन पेले ओळीनं मांडले, अण्णांचा पेला पालथा घातला, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘आमची नारंगी नवरी हाय म्हनं.’’

अण्णांना ठसका लागला.

‘‘व्हय, म्हनलो होतो,’’ मी म्हणालो. नाही म्हणून उपयोग नव्हता.

‘‘मग बघा की नवरीचं तोंड,’’ म्हणून त्यांनी पेल्यात ओतली. रंग चांगला होता. नव्या गुळाच्या पाकाचा.

मी मनात देवाचं नाव घेतलं, नाक दाबलं, डोळे मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला. घशात जाळ झाला. फुटाणे चावले, नाक सोडलं, डोळ्यांतलं पाणी पुसलं.

‘‘कशी हाय?’’

अण्णा माझ्याकडं बघत ओठ हलवत होते, ‘वा, वा’. पण जे लागलंच नाही त्याला वा कसं म्हणू? ‘‘मामा,’’ मी म्हणालो, ‘‘दारूच हाय की. नारंगी मला कुठं घावली न्हाई.’’

अण्णांनी कपाळाला हात लावला. सान्यातून खालून कुणीतरी फस्सकन हसलं. म्हातारे मात्र डोळे बारीक करून माझ्याकडं बघत होते.

‘‘नाक कामून दाबलाव?’’

‘‘म्हंजे? दारू पितानी सगळेच दाबत्यात.’’

‘‘नाक दाबून अत्तर घेनारा मानूस आज पैल्यांदा पाह्यला!’’ म्हातारे हसायला लागले. असे हसले की पटका एका कानावर आला. ‘‘देवडीत कुणी असं प्यालं असतं तर त्याला घोड्यांच्या पागेत बसवला असता. आवं, नाक सोडा. प्यायची न्हाई अजून. पेला नाकाखाली धरा आन नुसतं बसा.’’

त्यांनी पुन्हा ओतली, अगदी थोडी. मी पेला नाकाखाली धरला आणि सवयीनं श्वास रोखला.

‘‘दम घ्या, पावनं, दम,’’ म्हातारे म्हणाले.

घेतला. संत्रं सोलताना साल दुमडली की बारीक फवारा उडतो आणि डोळे चुरचुरतात, तो वास. पण डोळे चुरचुरत नव्हते. मी एक घोट घेतला आणि लगेच गिळला नाही, कारण गिळावासा वाटेना. साल होती, तिच्यामागं बडीशेप होती आणि मग या सगळ्याच्या तळाशी खुद्द मोह होता. तोच वास, ज्याच्या भीतीनं मी इतकी वर्षं नाक दाबत आलो होतो. तो लपवलेला नव्हता. उलट संत्र्यानं त्याला पुढं आणून बसवलं होतं आणि तो गोड होता, पिकलेला, रानातला. झाकलेलं काही नव्हतंच. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो. आपलं मत साफ चुकलं याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि त्यानंतरही क्वचितच झाला.

‘‘सांगा,’’ म्हातारे म्हणाले. ‘‘काय काय लागतंय?’’

मी सांगायला लागलो. तूर दाताखाली धरून तिचं शेत सांगणारा माणूस मी, एकदा सुरू झालो की थांबत नाही. साल कशी लागते, बडीशेप कुठं येते, वेलदोडा घोट गेल्यावर मागाहून कसा येतो. म्हातारे पुढं झुकले होते. डोळे मिटलेले. त्यांच्या पुढचा पेला भरलेला तसाच होता.

‘‘अजून?’’

मी आणखी घोट घेतला, आणखी सांगितलं.

‘‘अजून?’’

‘‘आता संपलं, मामा.’’

‘‘आप्पा,’’ सान्यातून आवाज आला, ‘‘दालचिनी ऱ्हायली. ह्या वर्साला जरा जास्तीच पडलीय. पावन्याला कळली न्हाई.’’

‘‘कळली की!’’ मी सान्यात तोंड घालून म्हणालो. ‘‘म्हनायला सवड दिलाव कुठं? आन खाली मटन लागायलंय बघा.’’

खाली एकच धांदल उडाली. भांडं आपटलं, पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला.

‘‘लागायलंय?’’ म्हातारे दचकून म्हणाले. ‘‘मला तर...’’ करपल्याचा वास एव्हाना सगळ्या माळवदावर पसरला होता. अण्णांनीसुद्धा उपरणं नाकाला लावलं होतं. मी म्हाताऱ्यांकडं बघितलं आणि ते माझ्याकडं.

मग ते खाली ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलले. ‘‘इषमज्वर झाला होता. ताप गेला आन जातानी वास घिऊन गेला. तवापासून कशाचाच वास येत न्हाई मला. ना फुलाचा, ना भाकरीचा. नारंगी तीच करती. साल तीच हुंगती, मला सांगती, मी मान हलवतो. लोक म्हनत्यात, म्हाताऱ्याचा हात. हात तिचा, नाकबी तिचंच.’’

अण्णा हळूच म्हणाले, ‘‘म्हनून का स्थळं परत धाडलाव?’’

‘‘जे आले ते वा म्हनून मोकळे झाले. काय लागलं ते एकानंबी सांगितलं न्हाई. मला निमित्तच पायजे होतं, अण्णा. ती गेली तर मी हितं बसून काय हुंगू? आन तीबी म्हनती, आप्पा, तुमाला असं टाकून मी जानार न्हाई.’’ त्यांनी माझ्याकडं बोट केलं. ‘‘पर ह्यांचं नाव घरात निघालं की भाकरी करपती. आजबी करपवलंच की कालवण.’’

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.  

म्हातारे सान्याकडं बघत राहिले. खालून तिचा स्वतःवरच चिडलेला आवाज येत होता, भांड्यांना रागावत होती. मग त्यांनी, नजर सान्यावरच ठेवून, हात लांबवला, हाताला लागला तो पेला उचलला आणि नाकाखाली धरला. आणि एकदम ओरडले, ‘‘आला! आगं, आला की वास!’’

खालची भांडी थांबली. ‘‘आप्पा?’’

‘‘आला गं! नारंगीचा! लख्ख आला!’’

‘‘खरं, आप्पा? खरं सांगायलाव?’’

‘‘तुझ्या गळ्याची आन! पावन्यानं सांगितलं तसाच, साल अगुदर आन वेलदोडा मागून!’’

मी त्या पेल्याकडं बघितलं. तो पाण्याचा होता. मघाशी घसा जळाला तेव्हा अण्णांचा पालथा पेला सुलटा करून मी तांब्यातून भरून घेतला होता, नुसतं पाणी. अण्णांनीही तो पाहिला. आमची नजरानजर झाली.

एवढ्यात शिडी कुरकुरली. ती वर येत होती, घाईघाईनं, दोन पायऱ्या एकदम घेत. येऊन ती पेला हातात घेणार, नाकाला लावणार, हे मला दिसलं. म्हाताऱ्यांना तर आपण काय उचललंय याचा पत्ताच नव्हता. ते पेला पुढं धरून तिचीच वाट बघत होते, चेहरा उजळलेला.

अण्णा पुढं सरकले. म्हाताऱ्यांच्या हातातून त्यांनी पेला काढून घेतला, डाव्या हातानं नाक दाबलं, डोळे मिटले आणि तो पेला एका दमात रिकामा केला.

ती शिडीच्या शेवटच्या पायरीवर पोचली होती. कपाळाला चुलीची राख, पदर खोचलेला. तिनं बघितलं ते हेच, कपाळाला विभूती लावलेले अण्णा, नाक दाबून, पेला उपडा करून.

‘‘अण्णा! तुमी?’’

अण्णांनी नाक सोडलं. मिशा पुसल्या. ‘‘एवढं समदे म्हनायले,’’ ते म्हणाले, ‘‘म्हनलं बघावं तरी. लई ग्वाड हाय बग, बाई. तुझ्या बापाला वास आला त्यात नवल न्हाई.’’

ती पायरीवरच बसली आणि पोट धरून हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. म्हातारेही हसत होते. मी काय करत होतो ते मला आठवत नाही, पण अण्णा सांगायचे की मी नुसता बसून रडत होतो. ‘‘सुपारी आना कुणीतरी,’’ म्हातारे म्हणाले, ‘‘आता थांबून काय करायचंय?’’

लग्न उन्हाळ्यात झालं. दर हिवाळ्यात आम्ही दोघं संतपूरला जायचो. ती नारंगी करायची, मी घोट घेऊन म्हाताऱ्यांना सांगायचो आणि ते डोळे मिटून म्हणायचे, ‘‘व्हय, मलाबी तसंच यायलंय.’’

पण अण्णांची गोष्ट लग्नाच्या आधीच सगळीकडं पसरली होती. औरादच्या बाजारात लोक त्यांना हटकायचे, ‘‘काय अण्णा, नारंगी कशी हाय?’’ घरी बायकोनं त्यांना आठ दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. मी दोनदा म्हणालो, अण्णा, निदान काकूंना तरी खरं सांगतो. ते म्हणाले, ‘‘उद्या तुझ्या घरवालीच्या कानावर जाईल. गप बस.’’ शेवटी मठातून बोलावणं आलं. मी बरोबर गेलो होतो. स्वामींनी सगळ्यांसमोर विचारलं, तुम्ही संतपूरला दारू घेतली म्हणतात, ते खरं का?

अण्णांनी हात जोडले. ‘‘व्हय,’’ ते म्हणाले, ‘‘एक पेला. नारंगीचा.’’